एका पालुपदाची कैफियत

हायस्कुलात मराठी शिकवीत असता दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर केवलप्रयोगी अव्ययांचा पाठ येई, आणि शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, संमतिदर्शक, तिरस्कारदर्शक अशी सारी मानाची मंडळी आपापल्या आसनांवर स्थानापन्न झाल्यावर, दाराशी तिष्ठत राहिलेल्या आगंतुकासारखा एक वर्ग शेवटी उरे. त्याचे नाव पादपूरणार्थक अव्यये, अथवा पालुपदे. बोलताना काही माणसे अर्थास आवश्यक नसलेले जे शब्द सवयीने मध्ये घालतात ती पालुपदे, अशी व्याख्या. आणि उदाहरणांत अग्रपूजेचा मान बहुधा ‘बरं का’ या दोन शब्दांचा. ही व्याख्या मी अनेक वर्षे फळ्यावर लिहिली, मुलांकडून पाठ करून घेतली आणि परीक्षेत तिच्याबद्दल गुणही दिले. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, अर्थाला लागत नाहीत तर माणसं ते शब्द टाकून का देत नाहीत?” तास संपत आला होता. ‘सवय’ एवढेच उत्तर देऊन मी तिला खाली बसविले. ते उत्तर चुकीचे होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आणि आज जे लिहितो आहे ते, त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तरच आहे.

शब्द पाहू गेल्यास अगदी लहान. लिहिताना ‘बरे’, बोलताना ‘बरं’. विशेषण असताना तो लिंगवचनाप्रमाणे बरा, बरी, बरे असा बदलतो, क्रियाविशेषण झाला की एका रूपात स्थिरावतो, आणि अव्यय झाला की विभक्तिप्रत्ययांच्या दाव्यातून सुटून वाक्यात वाटेल तेथे हिंडतो. जुन्या मराठीत त्याचे एक भावंड होते, ‘बरवा’. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत आणि पुढच्या संतवाङ्मयात हे ‘बरवे’ ठिकठिकाणी भेटते, आणि तेथे त्याच्या मुद्रेवर सौंदर्याचे तेज असते. तो ‘बरवा’ आता अभंगांतच राहिला. रोजच्या व्यवहाराचा भार उचलला तो ‘बरा’ने. कोशकारांनी त्याच्या बाबतीत कसूर केलेली नाही. मोल्सवर्थसाहेबांच्या 1831 च्या कोशापासून 1932 ते 1938 या काळात दाते, कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या सात विभागांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत त्याची नोंद आहे. परंतु कोशाची रीतच अशी की तो शब्दाला थांबवून त्याचे वर्णन करतो, आणि ‘बरं’ हा शब्द थांबविला की त्यातले निम्मे निघून जाते. कारण ते निम्मे स्वरात असते.

विशेषण म्हणून त्याचा अंमल उत्तम आणि वाईट यांच्या मधल्या मुलखावर चालतो, आणि हा मुलूख फार विस्तीर्ण आहे. “कसं काय?” या प्रश्नाला मराठी माणूस ‘उत्तम’ असे क्वचितच म्हणतो, तो ‘बरं आहे’ म्हणतो. भाताची रास खळ्यात मावेनाशी झालेली असली तरी आमच्याकडचा शेतकरी “यंदा पीक बरं आलं” यापलीकडे जात नाही. त्याच्या मनात दृष्ट लागण्याचे भय असतेच, पण त्याहून अधिक असे एक जुने ज्ञान असते, की पुढच्या वर्षीचा पाऊस अजून आकाशात आहे आणि त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोयरिकीच्या बोलण्यातही हाच शब्द. मुलगा पाहून आलेले मामा पायांवर पाणी घेत “बरा आहे” म्हणतात, आणि घरातल्या बायका त्या दोन शब्दांच्या उच्चारावरून मुलाचा रंग, शिक्षण, नोकरी आणि त्याच्या आईचा स्वभाव एवढे सगळे ताडतात. ‘बरा’ला ‘च’ जोडला की तो गुणाची वस्ती सोडून परिमाणाच्या वस्तीत जातो. ‘बराच वेळ’, ‘बरेच दिवस’ या प्रयोगांत चांगुलपणाचा मागमूसही राहत नाही. आणि ‘नसल्यापेक्षा बरे’ असे म्हणताना तो दुःखाच्या दोन मापांतले लहान माप निवडून आपल्या ओंजळीत ठेवतो.

परंतु या शब्दाचे खरे घर आजारी माणसाच्या उशाशी आहे. तेथे तो कसा वागतो हे मी लहानपणी एकदाच, पण अगदी जवळून पाहिले.

मी दहा वर्षांचा असताना माझा थोरला भाऊ मुंबईस काकांकडे शिकायला होता, आणि त्याला मुदतीचा ताप आला. मुदत एकवीस दिवसांची. ती उलटल्यावर ट्रंक कॉल करतो, असे काकांचे कार्ड आले. आमच्या गावात टेलिफोन होता तो एकच, पोस्टात. तेव्हा ठरलेल्या दिवशी दुपारी तीनपासून अण्णा, ताई आणि मी पोस्टाच्या बाकावर जाऊन बसलो. टपालाच्या थैल्या बांधून झाल्या, लाखेचा वास खोलीत भरून राहिला, बाहेरच्या पिंपळावर कावळे परतू लागले, तरी घंटा होईना. ती झाली तेव्हा पोस्टमास्तरांनी टेबलावरचा दिवा मोठा केला होता. अण्णा उठले आणि त्यांनी तो काळा, जड रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

पलीकडचे एक अक्षर आम्हांस ऐकू येत नव्हते. ऐकू येत होते ते केवळ अण्णांचे ‘बरं’. पहिले मोठ्याने, आवाज ओळखल्याचे. दुसरे आखूड, पुढे बोल असे सांगणारे. तिसऱ्याचा शेवट वर चढला, आणि त्या क्षणी ताईने माझे मनगट घट्ट धरले. कारण तो प्रश्न होता, आणि काही अनपेक्षित ऐकल्याखेरीज माणसाचे ‘बरं’ तसे वर चढत नाही. मग बराच वेळ शांतता. चौथे ‘बरं’ इतके हळू निघाले की ते तारेवरून मुंबईस पोचले असेल असे वाटेना. पाचवे आणि सहावे एकापाठोपाठ, घाईने, औषधांची नावे नि तारखा लक्षात ठेवणारा माणूस म्हणतो तसे. तीन मिनिटे संपत आली असावीत, कारण अण्णा एकदम “बरं आहे” म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

या ठिकाणची आमची अवस्था मराठी वाचकाला उलगडून सांगावयास नको. ‘बरं आहे’ म्हणजे प्रकृतीस आराम आहे. आणि ‘बरं आहे’ म्हणजे नुसतेच, ठेवतो आता, येतो. वाट पाहून थकलेला जीव ज्या दोन शब्दांवर विसावू पाहत होता, त्यांतल्या कोणत्या अर्थावर त्याने टेकावे हे कळायला मार्ग नव्हता. ताईच्याने राहवेना. “अण्णा, बरं आहे म्हणजे?” अण्णा चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसत होते. पुसता पुसता ते म्हणाले, “बरं आहे त्याला. परवा ताप उतरला.” ‘त्याला’! आयुष्यभर मी व्याकरण शिकविले, परंतु विभक्तीच्या एका प्रत्ययात मावलेला एवढा दिलासा पुन्हा पाहिला नाही. घरी आई पायरीवर उभी होती. अण्णांनी बेड्यातूनच “बरं आहे गं” असे सांगितले, आणि तिने एकही प्रश्न न विचारता “बरं झालं बाई” म्हटले, आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. अण्णांच्या शब्दांतले ‘बरं’ कोणते ते तिला अंधारातही कळले होते.

त्या सहा ‘बरं’मध्ये बातमी नव्हती. बातमी पलीकडे होती. आमच्यापर्यंत पोचत होता तो ती बातमी ऐकणारा माणूस, त्याची भीती, त्याचा धीर. आणि तोच माणूस त्याच शब्दाने तारेच्या दुसऱ्या टोकाच्या भावाला सांगत होता की मी येथे आहे, ऐकतो आहे, तू बोल. व्याकरणात या ‘बरं’ची गणना संमतिदर्शकांत होते. अण्णा त्या दिवशी कशाला संमती देत होते?

आजारातून हा शब्द नीतीकडे वळतो तेव्हा त्याची सत्ता कायद्याहून मोठी होते. “ते बरं दिसत नाही.” आमच्या घरातल्या अर्ध्याअधिक गोष्टी या एका वाक्यावर ठरत असत. शेजारी सुतक असताना रेडिओ लावणे बरे दिसत नाही. पाहुणा निघण्यापूर्वी त्याच्या पानाची जागा पुसणे बरे दिसत नाही. ज्याने आपल्याला कर्ज दिले त्याच्या दारावरून मान खाली घालून जाणे बरे दिसत नाही, थांबून दोन शब्द बोलावे. या वाक्यात लोकभयाचा अंश आहे आणि त्याने पुष्कळांचे, विशेषतः स्त्रियांचे, पाय निष्कारण बांधले, हे मी नाकारीत नाही. ते सत्य मोठे आहे आणि कडू आहे. विधवेने हळदीकुंकवाच्या घरी जाणे बरे दिसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या शब्दाकडून जे करवून घेतले त्याचा कलंक शब्दावर नाही, म्हणणाऱ्यांवर आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखापुढे आपला आनंद आवरून धरावा हे ज्या पिढीला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते, तिला ते याच तीन शब्दांनी शिकविले, हेही तितकेच खरे.

धाकदपटशातही ‘बरे’ आहेच. ‘बऱ्या बोलाने’ म्हटले की पुढे हात उगारला जाणार हे लहान मुलासही कळते. आणि मृत्यूचे नाव घेण्याचे धैर्य होत नाही तेव्हा आपण ‘बरेवाईट’ म्हणतो: “जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, त्याला एकटं सोडू नका.” त्या वाक्यात ‘बऱ्या’चा काही संबंध नसतो. तरी बोलणारा त्याला पुढे घालतो. एकट्या ‘वाईटा’ला तोंडातून बाहेर पाठविण्याचा धीर होत नाही म्हणून सोबतीला एक भला शब्द देतो, रात्री लहान मुलाबरोबर कंदील घेऊन कोणी मोठे जावे तसा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जातो, कारण विद्यार्थी नेहमी विचारीत. ‘बरोबर’ हा शब्द आपल्या ‘बऱ्या’चा नातलग नव्हे. तो फारसीतून आला. तेथे ‘बर’ म्हणजे छाती, आणि छातीला छाती भिडवून उभे राहणे म्हणजे समान असणे. फारसीत दुसराही एक ‘बर’ आहे, ‘वर’ या अर्थाचा, आणि त्याचे वंशज आपल्या दफ्तरांतून आणि दरबारांतून थेट घरांत शिरले: हुकमाप्रमाणे झाले म्हणून ‘बरहुकूम’, सभा उठली म्हणून ‘बरखास्त’, चाकर बाजूला सारला म्हणून ‘बडतर्फ’. सर्वांत विलक्षण ‘बरबाद’. ‘बाद’ म्हणजे वारा. वाऱ्यावर गेले ते बरबाद. या परक्या घराण्याशी आपल्या ‘बरे’चा रक्ताचा संबंध नाही, तथापि दोघे शतकानुशतके एकाच भाषेत शेजारी राहिले, आणि आज ‘बरं, ते बरोबर’ असे आपण एका दमात म्हणतो तेव्हा कोणास भेद जाणवत नाही.

सख्खा संबंध पाहावयाचा तर गोव्यात जावे. कोकणी ही आपली शेजारची, स्वतंत्र भाषा, तिच्यात कोणी उपकार केले असता म्हणतात, “देव बरें करूं.” मी हे प्रथम पणजीला एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकले. बसमध्ये चढताना तिची मासळीची पाटी मी खालून हात देऊन वर केली, एवढेच. ती आत टेकली, पदराने कपाळ पुसले, आणि तिने ते तीन शब्द म्हटले. ‘आभारी आहे’ म्हणणारा माणूस ऋण आपल्या नावावर मांडून घेतो. त्या बाईने ते देवाच्या खात्यावर वर्ग केले आणि दोघांनाही मोकळे केले. मला तर ते आभाराच्या सर्व ज्ञात प्रकारांत श्रेष्ठ वाटते. पाटी उचलणारा पुढच्या थांब्यावर उतरून जाणार, पुन्हा भेटणार नाही, त्याची परतफेड आपल्या हातून होणे नाही, हे ज्याने जाणले त्यालाच ही भाषा सुचेल.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘बरं का’ या पालुपदाकडे.

आमच्या गावच्या राममंदिरात चैत्रात नऊ दिवस कीर्तन असे. पूर्वरंगात बुवा निरूपणाला लागले की विषय अवघड होत जाई. माया, अविद्या, अधिष्ठान असे शब्द येऊ लागत, आणि दिवसभर राबून आलेली माणसे खांबांना टेकून पेंगू लागत. बुवा ते पाहत. ते चिपळ्या थांबवीत, एक पाऊल पुढे येत, आवाज एकदम खाली आणून म्हणत, “बरं का…” आणि जणू प्रत्येकाच्या खांद्याला हात लागल्याप्रमाणे माना वर होत. या दोन शब्दांत निरूपणाचा कणही नव्हता, हे व्याकरणकारांचे म्हणणे खरे. परंतु ते उच्चारले नसते तर उरलेले निरूपण कोणी ऐकले नसते. वाक्याला त्यांची गरज नव्हती, ऐकणाऱ्याला होती.

हेच दुसऱ्या प्रकारे घराघरांत चालते. ‘जेव’ ही आज्ञा आहे. ‘जेव बरं’ म्हटले की आज्ञा तीच राहते आणि तरी तिच्यातला हुकूम वितळतो. ताटावर रुसून बसलेल्या मुलाला मागे फिरण्यासाठी सन्मानाची वाट मिळते. ‘ये बरं इकडे’, ‘सांग बरं काय झालं’, ‘ऊठ बरं आता’. आई हे शब्द दिवसातून कितीदा वापरते याची मोजदाद नाही, आणि तिला विचारले तर आपण वापरतो हेही तिला आठवणार नाही. पुढे मूल मोठे होते, परगावी जाते, आणि खानावळीत ‘जेवून घ्या’ ऐकू आले की काहीतरी उणे आहे एवढेच त्याला जाणवते. काय उणे आहे ते सांगता येत नाही.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही, की माणूस एकटा असतानाही तो शब्द वापरतो. “कुठं बरं ठेवली किल्ली?” “कोण बरं आलं असेल एवढ्या रात्री?” घरात दुसरे कोणी नाही. प्रश्न स्वतःलाच आहे. नुसते ‘कुठे ठेवली किल्ली’ असे म्हटले तर त्यात चिडचीड येते, आरोप येतो. ‘बरं’ आला की आपणच आपल्या शेजारी येऊन बसतो आणि दोघे मिळून किल्ली शोधू लागतो. ज्याच्याशी बोलतो त्याला जवळ ओढून घेण्याचे या शब्दाचे शील इतके दृढ आहे, की कोणीच नसेल तेथे तो कोणीतरी निर्माण करतो.

1911 मध्ये मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे आणि तिच्यावरच मी पोट भरले. तथापि ज्याला आपण पादपूरण म्हणतो, म्हणजे चरणातील रिकामी जागा भरून काढणे, त्याचा अर्थ एकदा नीट पाहावा. रिकामी जागा वाक्यात नसतेच. ती असते बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये. पोस्टातल्या त्या काळ्या रिसीव्हरपासून मुंबईपर्यंत ती पसरलेली होती, आणि ती अण्णांनी सहा वेळा भरून काढली.

त्या मुलीचे आता लग्न होऊन मुले मोठी झाली असतील. हा लेख तिच्या हाती पडेलच असे नाही. म्हणून आज ज्यांच्याकडे व्याकरणाचा तास आहे त्यांना विनंती करतो: पुस्तकातली व्याख्या अवश्य शिकवावी, परीक्षेत तिला गुणही द्यावेत, परंतु ती फळ्यावर लिहिण्यापूर्वी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकदा विचारावे, की आज शाळेला निघताना आई दारात उभी राहून काय म्हणाली, आणि त्याने सांगितलेले वाक्य, एकही शब्द न गाळता, त्याच्याच हातून फळ्यावर लिहवून घ्यावे.